वासाच्या वाटाण्याचा शेंडा

आमच्या मराठी मंडळाचे मास्तर घरी आले आणि म्हणाले, संक्रांतीच्या अंकासाठी तुमच्या नोकरीतलं काहीतरी लिहून द्या. मी म्हटलं, माळ्याच्या नोकरीत काय असतं, पाणी घातलं, गवत काढलं, साहेब आले की सलाम केला. ते म्हणाले, तेच लिहा. मी चौथी शिकलेला माणूस. अक्षर वळणदार नाही आणि बोलणं तर त्याहून नाही. चुका दुरुस्त करा, पण लिहिलेलं गोड करू नका, असं मास्तरांना बजावून ठेवलं आहे.

सगळी नोकरी सांगत बसत नाही. गुलाब कापले, मेंदीचं कुंपण छाटलं, यात वाचण्यासारखं काही नाही. एकाच झाडाचं लिहितो. माझी बायको गिरजा यंदा ज्येष्ठात गेली. हे झाड तिचं होतं, आणि ते यापुढे राहतं का संपतं हे आता एकट्या माझ्यावर आहे.

झाडाचं बंगल्यातलं नाव स्वीट पी. आमच्याकडच्या बाया त्याला वासाचा वाटाणा म्हणत, आणि तेच नाव बरोबर आहे. पान वाटाण्यासारखं, काडीला विळखा घालणारे ताणे वाटाण्यासारखे, शेंगही तशीच. फूल मात्र पातळ लुगड्याच्या पदरासारखं, आणि वास असा की सकाळी फाटकातून आत आलं की माणूस थांबतो. हे खायचं झाड नाही, बी तर मुळीच नाही. लेकरांनी तोंडात घालू नये, एवढं आधी सांगून ठेवतो. हे थंडीचं झाड आहे. दसऱ्याच्या मागेपुढे पेरायचं, संक्रांतीपासून फुलं घ्यायची, आणि शिमग्यानंतर ऊन तापलं की ते मरतं. कितीही पाणी घाला, मरतंच. दरवर्षी नवं पेरावं लागतं. बी डब्यात ठेवलं तर काही वर्षं टिकतं, पण उगवणं कमी होत जातं. शिवाय माझ्या वयाच्या माणसानं पुढच्या वर्षी पेरू म्हणण्यात काही अर्थ नाही.

एक्याऐंशी साली इंद्रवेल्लीला गोंडांच्या सभेवर पोलिसांचा गोळीबार झाला, त्याच्या पुढच्या वर्षी मी आदिलाबादच्या एका सरकारी बंगल्यावर माळी म्हणून लागलो. बंगला कुठल्या खात्याचा होता ते सांगत नाही. मस्टरवर नाव माझं, पण काम आम्हा दोघांचं. मागे एक खोली मिळाली होती. गिरजा भैंश्याकडच्या खेड्यातली, काळ्या मातीतली, माहेरी कापूस, ज्वारी आणि हिवाळ्यात हरभरा. बाग म्हणून काही असतं हे तिला माहीत नव्हतं. पहिल्यांदा लॉन पाहिलं तेव्हा तिनं मला विचारलं, एवढं गवत वाढवता आणि एकही म्हैस नाही?

तेव्हा आदिलाबादला बदली म्हणजे अधिकारी लोकांना सजा वाटायची. काही साहेब सामान सोडतच नसत, ट्रंका तशाच बांधलेल्या. असेच एक तेलुगू साहेब आले, राजमंड्रीकडचे. सोबत त्यांची बायको, तिला आम्ही सगळे अम्मा म्हणायचो. नवीन लग्न झालेलं. अम्मा गावी गोदावरीच्या काठी मोठ्या गोतावळ्यात वाढलेली, इथं बोलायला कोणी नाही, तिला मराठी येत नाही, आम्हाला तेलुगू मोडकं. दिवसभर व्हरांड्यात बसायची. एक दिवस तिनं ट्रंकेतून कागदाची पुडी काढली. तिच्या कोणा मामानं उटीहून बी आणून दिलं होतं. मला म्हणाली, हे लाव. मी विचारलं, काय आहे? ती म्हणाली, बठाणी. म्हणजे वाटाणा. मी म्हटलं, भाजीच्या वाफ्यात लावतो. ती पहिल्यांदा हसली आणि हातानं नाकाशी वास घेतल्याचं करून दाखवलं.

संध्याकाळी साहेबांनी मला जीपजवळ बोलावलं. खानसामा हसनभाई तिथंच होते, त्यांना त्यांनी काहीतरी निमित्त काढून आत पाठवलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "माली, वो फूल आना बोले तो आना. नहीं आया तो अम्मा संक्रांत को मायके जाती. और वापस नहीं आती."

एवढा मोठा अधिकारी, त्याच्या सहीनं लोकांच्या बदल्या व्हायच्या, आणि संसार माझ्या खुरप्यावर टांगला. मी हो साहेब म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मी ते झाड जन्मात पाहिलं नव्हतं.

बी पेरलं. काहीच आलं नाही. माती उकरून पाहिली तर दाणे खड्यासारखे तसेच पडलेले. पुडीत अर्धं बी शिल्लक होतं. गिरजानं दाणा दाताखाली धरून पाहिला आणि म्हणाली, हे भिजलंच नाही तर मोड कुठून येईल. तिनं दाणे पाट्यावर हलक्या हातानं घासले, एका बाजूनं जरा साल गेली, मग रात्रभर तांब्यात भिजत घातले. सकाळी फुगलेले दाणे ओल्या फडक्यात मटकीसारखे बांधून चुलीच्या मागे टांगले. मोड येताच मी ते चरात लावले. चर मी हातभर खोल खणला होता, तळाला कुजलेलं शेणखत. सगळे उगवले. वर चढायला मी मागच्या वर्षीची पऱ्हाटी रोवली. आमच्याकडे कापसाच्या वाळलेल्या काड्या चुलीत जातात, पण या वेलाला त्या फार आवडतात. अंगावर बारीक फाटे असतात ना, ताण्याला धरायला बरं पडतं.

रोपं चार-पाच पानांची झाली. अम्मा रोज सकाळी येऊन पाहायची. साहेब खिडकीतून अम्माकडे पाहायचे. हसनभाई मला चिडवायचे, "क्यों माली, तुम्हारी बठाणी अच्छी चढी तो साहब का घर बसता." म्हणजे साहेबांनी त्यांना आत पाठवलं होतं तरी त्यांनी ऐकलंच होतं.

त्याच वेळी खात्याचा काही कार्यक्रम बासरला होता. कुंड्या घेऊन मला लॉरीत पाठवलं. तिथं मी दोन-चार दिवस अडकलो. तिथल्या सरस्वतीच्या पाया पडून परत आलो, सायकल भिंतीला लावली आणि आधी वाफ्याकडे गेलो. एकाही वेलाला शेंडा नव्हता. सगळे बोडके. खालची दोन-तीन पानं आणि वर नुसता तुटलेला देठ. मला वाटलं, शेळ्या शिरल्या. पण शेळी अशी एका उंचीवर खात नाही.

गिरजा मागच्या दारात तूर पाखडत होती. मी विचारलं कोण आलं होतं. ती म्हणाली, "कोणी नाई. म्या खुडले."

मी काय बोललो ते मास्तर छापणार नाहीत. ती सूप हलवत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "हरभरा नाई खुडत आपण? शेंडा खुडला का बाजूनं फुटते. एकाचे चार होते."

"हा काय हरभरा हाय का? साहेबाचं झाड हाय हे."

"मंग साहेबाच्या झाडाले काऊन वेगळं राहीन? पान तसंच, ताणे तसेच. लंबं वाढून राह्यलं होतं काडीवानी. एकच फूल आलं असतं तिथं टोकाले."

मी विचारलं, शेंड्यांचं काय केलं, भाजी? ती चिडली. म्हणाली, "ज्याचं पीक कधी खाल्लं नाई त्याची भाजी कराले मी का येडी हावो? खताच्या खड्ड्यात टाकले."

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे हरभरा वीतभर झाला की बाया शेतात शिरतात आणि शेंडे खुडतात. त्याची भाजी होते, सुकवूनही ठेवतात. आणि खुडल्यानं झाड दाट होतं, घाटे जास्त धरतात. हे प्रत्येक बाईला माहीत असतं. म्हणून कुठल्याही हिरव्या कोवळ्या शेंड्याकडे त्यांचा हात आपोआप जातो. पण बंगल्यातल्या फुलझाडाला कोणी हात लावत नाही. मीही शेतातूनच आलो होतो, पण बंगल्याचं फाटक ओलांडलं की शेतातलं सगळं बाहेर ठेवायचं, असं मला वाटायचं. गिरजा काही बाहेर ठेवून आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अम्मा आली. तिनं वाफा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मी मोडक्या तेलुगूत काहीतरी सांगायला लागलो. ती मधेच वळून आत गेली. दुपारी हसनभाईंनी बातमी आणली की अम्मा कपाटातल्या साड्या काढून ट्रंकेत भरते आहे. साहेब त्या दिवशी जेवायला आले नाहीत.

पुढचे दिवस फार वाईट गेले. वेल वाढेना आणि मरेना. नुसता उभा. मी पाणी द्यायला जायचो आणि वर, तुटलेल्या टोकाकडे पाहत बसायचो. एकदा गिरजा मागून आली आणि म्हणाली, "तिकडं वर काऊन पाहून राह्यले? वर आता काई नाई. पानाच्या बेचक्यात पाहा."

मी वाकून पाहिलं. पान आणि देठ जिथं मिळतात तिथं मोहरीएवढा हिरवा ठिपका होता. खालच्या पानाशीही होता. दुसऱ्या वेलालाही होता.

मी पळत जाऊन हसनभाईंना सांगितलं, हसनभाईंनी साहेबांना सांगितलं, आणि साहेब ऑफिसच्या कपड्यात येऊन वाफ्यापाशी उकिडवे बसले. त्यांना तो ठिपका दिसेना, चष्मा बदलून आले. मग अम्माला हाक मारली. ती आली. गिरजानं तिचं बोट धरून त्या बेचक्यावर ठेवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. अम्मानं बोटानं चाचपलं आणि विचारलं, "पुव्वु?" म्हणजे फूल? गिरजा म्हणाली, "येईन. सबर कर, माय."

संक्रांतीला फूल आलं नाही. खुडल्यामुळे जरा उशीर होतो, हे नंतर कळलं. पण अम्मा गेली नाही. संक्रांत झाल्यावर फूल आलं, आणि आलं ते असं की पऱ्हाटी दिसेना. जांभळी, गुलाबी, पांढरी. बंगल्याच्या सगळ्या खोल्यांत पेले भरून ठेवले तरी वेल तसाच. वासानं हसनभाईंच्या सालनाचा, म्हणजे मसाल्याच्या रश्श्याचा, वाससुद्धा मरायचा, त्यांनी तशी तक्रारही केली.

साहेबांनी मला बक्षीस द्यायला बोलावलं तेव्हा मी म्हटलं, हे गिरजेचं काम आहे. त्यांनी तिला साडी दिली, अम्माची, नवी कोरी. ती गिरजानं बरीच वर्षं नेसली नाही, फार तलम आहे म्हणून. शेवटी तिचं काय केलं ते पुढे सांगतो.

त्या वर्षापासून कामाची वाटणी ठरून गेली. चर खणणं, खत, काड्या, पाणी माझं. घासणं, भिजवणं, खुडणं आणि फुलं तोडणं तिचं. कारण खुडायला माझा हात कधी धजला नाही. एवढं जपून वाढवलेलं रोप, त्याचा वर निघालेला कोंब, तो नखानं तोडायची वेळ आली की मी खुरपं घेऊन दुसऱ्या वाफ्याकडे जायचो. फुलांचंही तसंच. या झाडाची फुलं रोज तोडावी लागतात. तोडली नाहीत तर शेंगा धरतात, आणि शेंगा धरल्या की वेलाला वाटतं आपलं काम झालं, मग तो फुलणं बंद करतो. मला ती वेलावरच बरी दिसायची. गिरजा सकाळी यायची आणि सगळा वेल साफ करून जायची. म्हणायची, तुमी माळी होऊन उपयोग काय, तुमचा जीव शेंड्यात अडकते.

फुलं बंगल्यात मावायची नाहीत. बाजारात कोणी घेत नव्हतं. देवाला चालत नाही, वेणीत टिकत नाही, मग करायचं काय, असं बायाच विचारायच्या. एकच गिऱ्हाईक कायमचं होतं. निजामाच्या काळात कचेरीत पेशकार, म्हणजे कारकून असलेले एक म्हातारे, शेरवानी घालून दर शुक्रवारी फाटकाशी उभे राहायचे. एक जुडी घेऊन बायकोच्या कबरीवर ठेवायला जायचे. गिरजा पैसे घेत नसे. ही फुलं दुपारपर्यंत माना टाकतात. मी एकदा स्पष्टच विचारलं, मियाँ, ही सुकतात, गुलाब का नेत नाही? ते म्हणाले, "उनको फूल की सूरत से मतलब नहीं था, माली. खुशबू से था." मला तेव्हा ते थोडं चक्रमपणाचं वाटलं. घरी येऊन गिरजेला सांगितलं तर ती हसली नाही. पुढच्या शुक्रवारी तिनं जुडी मोठी बांधली.

दुसरं गिऱ्हाईक भैंश्याचा एक जिनिंगवाला शेठ. बंगल्यावर काही कामानं आला होता, वेल पाहिला आणि हट्टाला पेटला की मुलीच्या लग्नात मांडवावर हाच वेल पाहिजे. लग्न वैशाखात. मी सांगितलं, शेठ, वैशाखात हा जगत नाही. तो म्हणाला, तुम लगाओ, मैं देख लूंगा. मी त्याच्या आवारात लावला. ऊन तापायला लागलं तसं शेठनं वर ताडपत्री बांधली, मग गोणपाट ओले करून टांगले, शेवटी बर्फाच्या लाद्या आणून मुळाशी ठेवल्या. वेल पिवळा पडला तो पडलाच. लग्नाच्या आदल्या दिवशी शेठनं माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे पाहिलं, आणि शेठ खदाखदा हसायला लागला. त्यानं निजामाबादहून कागदी फुलं मागवली, वाळलेल्या वेलावर बांधली आणि वर अत्तर शिंपडलं. लग्नात जो तो माळी कोण म्हणून विचारत होता. शेठनं मला पुढे करून शेला दिला. मीही घेतला.

दोन-तीन वर्षांनी राजमंड्रीच्या साहेबांची बदली झाली. जाताना अम्मा रडली. तोपर्यंत तिचं मराठी चांगलं झालं होतं, त्यातही गिरजेसारखं, "मी नाई जात" असं. बी मात्र आमच्याकडे राहिलं.

बी धरण्यावरून आमचं दरवर्षी भांडण. फुलं कमी व्हायला लागली की एक-दोन वेल न तोडता राखायचे, शेंगा वाळू द्यायच्या. मला वाटायचं, रंग सुंदर तो वेल राखावा. तिला रंगाचं काही नव्हतं. ती डोळे मिटून एकेका वेलाचा वास घेत जायची आणि ज्याचा वास जास्त त्याला चिंधी बांधायची. चिंधी बांधली की त्याला मीसुद्धा हात लावायचा नाही. वाळलेली शेंग उन्हात तडकते आणि पीळ खाऊन बी लांब फेकते, म्हणून ती वेलाभोवती जुनं कापड गुंडाळायची. अम्माची ती तलम साडी शेवटी तिथं कामाला आली. बी दिसायचं आतून, म्हणून तिला ते पसंत होतं. अशी निवड करत करत रंग सगळे गेले. आता उरला आहे तो जांभळा आणि त्याखाली निळा, बस. पण वास आहे तो बाजारच्या कुठल्याही पुडीत नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, निवडणारा मी नव्हतो.

पुढे बंगल्यात कंत्राटदाराचे माळी आले, कुंड्या तयार विकत येऊ लागल्या. मी सुटलो तेव्हा बी घेऊन सुटलो. घराच्या मागे न्हाणीच्या भिंतीला लागून एक ओळ दर हिवाळ्यात लावत आलो. हसनभाई गेले, पेशकार तर कधीच गेले.

ज्येष्ठात गिरजा गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं, परत आणली नाही. त्याबद्दल जास्त लिहायचं नाही मला.

मुलगी नांदेडला असते. ती म्हणते, बाबा, घर बंद करा आणि या. तिचं चुकत नाही. दसरा आला तेव्हा मी फडताळातला डबा काढला. बी तिनं शिमग्यानंतर निवडून, राख लावून ठेवलेलं. डबा हातात घेऊन बसलो आणि परत ठेवून दिला. दिवाळी झाली. शेजारची पोचम्मा भिंतीवरून म्हणाली, यंदा आमच्या घरात वास येणार नाही का, काका. त्या संध्याकाळी मी पाटा धुतला. घासताना जोर जास्त पडला, काही दाणे फुटले. तिच्या हातून फुटत नसत. उरलेले भिजवले, फडक्यात बांधले. उशीर झाला होता, तरी बरेच उगवले. पऱ्हाटी जावयानं आणून दिली.

मग शेंडे खुडायची वेळ आली आणि मी अडलो. नाही खुडले तर वेल काडीसारखा उंच जाणार, टोकाला चार फुलं येणार आणि बी धरायला काही राहणार नाही. हे मला पाठ आहे. तरी सकाळी जायचो, वेलासमोर बसायचो, आणि पाणी घालून परत यायचो. मुलीचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं, एवढं एक काम राहिलं आहे. ती म्हणाली, आईनं तुम्हाला शिकवलं नाही का? मी म्हटलं, तिनं शिकवलं, मी शिकलो नाही.

परवा सकाळी मी खुडले. पहिल्याला वेळ लागला. नख लावलं आणि डोळे मिटले, ती वास घ्यायला मिटायची तसे नाही, माझे भीतीनं. कोवळ्या देठाचा आवाजसुद्धा होत नाही. मग बाकीचे झाले. मूठभर शेंडे झाले, ते खताच्या खड्ड्यात टाकले. हात धुतले तरी नखाला हिरवं राहिलं.

मुलीला सांगितलं, आता फुलं संपून बी हातात येईपर्यंत मी कुठं येत नाही. तूच ये, माघात ये. रिकामी पिशवी घेऊन ये, जुडी देईन. एक जुडी मला न्यायची आहे नदीवर, जिथं तिला नेली तिथं. दुपारपर्यंत सुकेल, सुकू दे.

वेल सध्या बोडके उभे आहेत. वाढत नाहीत, मरत नाहीत. पोचम्मानं भिंतीवरून पाहिलं आणि विचारलं, काका, हे काय करून ठेवलं? मी तिला सांगितलं, वर नको पाहू, पानाच्या बेचक्यात पाहत जा. ती म्हणाली, काही नाही तिथं.

आज सकाळी मीही वाकून पाहिलं. अजून काही नाही. उद्या पुन्हा पाहीन.